चिमणाबाईंच्या घरची कोळंबी

चिमणाबाईंनी उभ्या आयुष्यात जेवढी कोळंबी हाताळली तेवढी नाशकात फार थोड्यांनी हाताळली असेल. पण ती सगळी मेलेली, वाळलेली आणि मापानं विकायची. सुकट, जवळा, सोडे, बोंबील हा त्यांचा पस्तीस वर्षांचा धंदा. माहेर चांदोरीच्या भोयांचं, सासर पंचवटीतलं. नवरा लवकर गेला तेव्हा त्यांनी डोक्यावर टोपली घेतली, ती बासष्टाव्या वर्षीही उतरवलेली नाही. आठवड्यातून एकदा हरसूलच्या बाजाराला जायचं, एरवी पंचवटीत भाजीबाजाराच्या तोंडाशी बसायचं. अंगकाठी किरकोळ, आवाज मात्र असा की त्यांनी हरसुलात "जवळा घ्या" म्हटलं की चार दुकानं सोडून बसलेला बांगडीवालाही वळून बघायचा.

तीन वर्षांपूर्वी मुलगा मल्हारी यानं म्हसरूळला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. मल्हारी वायरमन, सून भाग्यश्री एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला, नात दिशा शाळेत. हॉलमध्ये खिडकीखाली चिमणाबाईंनी सुकटीची दोन पोती ठेवली आणि महिना भरायच्या आत सोसायटीचे सेक्रेटरी गायधनीकाका यांचं पत्र आलं. काका पंचवटीतल्या उपाध्यायांच्या घरातले, बँकेतून निवृत्त झालेले. पत्रात लिहिलं होतं, 'दुसऱ्या मजल्यावरून येणाऱ्या उग्र दर्पामुळे तिसऱ्या मजल्यावरील सभासदांचे देवपूजेत चित्त लागत नाही.' तिसऱ्या मजल्यावर सभासद एकच राहत होते, ते स्वतः काका.

पोती पंचवटीत एका नातेवाइकाच्या खोलीवर गेली. चिमणाबाई भांडल्या नाहीत. फक्त त्या दिवसापासून जिन्यात काका समोर आले की त्या नाकाला पदर लावायच्या. काकांनी एकदा न राहवून विचारलं, "काय झालं?"

"काय नाय. उदबत्तीचा वास सोसत नाय मला," त्या म्हणाल्या आणि खाली उतरून गेल्या.

गेल्या दिवाळीनंतर भाग्यश्रीच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखाना नव्या जागेत हलवला. जुन्या जागेतली तीन फुटी काचेची टाकी नव्या फर्निचरशी जुळेना. तिच्यातले मासे केव्हाच संपले होते, कारण दात काढायला आलेली मुलं रडता रडता हातातली बिस्किटं तिच्यात टाकायची. उरलं होतं हिरवट पाणी, मूठभर शेवाळ आणि एक प्लास्टिकचा किल्ला. भाग्यश्री म्हणाली, "मी नेते. हॉलला शोभा येईल."

टाकी आली आणि नेमकी खिडकीखालच्या मोकळ्या जागेवर बसली.

"माझी पोती काढली अन् तिथं डबकं आणून ठिवलं," चिमणाबाई म्हणाल्या. "डबक्याला वास नाय येत वाटतं."

तिसऱ्या दिवशी त्या टाकीला पाठ लावून मेथी निवडत बसल्या होत्या. काडी टाकायला वळल्या आणि हात तसाच राहिला. शेवाळात काहीतरी लाल हललं. त्यांनी चष्मा लावला, मग मल्हारीची बॅटरी आणली, मग जमिनीवर पालथं पडून खालून बघितलं.

"मल्हारी, यात जवळा हाय."

मल्हारी मोबाइलमधून मान न काढता म्हणाला, "आई, तुला सगळीकडं जवळाच दिसतो."

"लाल जवळा. जिता."

होती ती कोळंबीच. बोटाच्या पेराएवढी, शेंदरासारखी लाल, एकूण सात. माशांनी खाल्ली नाही, बिस्किटांनी मारली नाही, आणि दवाखान्यात कुणाच्या लक्षातही आली नाही. चिमणाबाई संध्याकाळपर्यंत तिथून उठल्या नाहीत. लहानपणी बापाच्या जाळ्यात गोदावरीतले झिंगे तडफडताना त्यांनी खूप बघितले होते, आणि पुढं जन्मभर पोत्यातली आकडा होऊन वाळलेली सुकट. पण आपल्या मनानं चरणारी, दोन्ही हातांनी चिवडा खाल्ल्यासारखं भराभरा काहीतरी तोंडात टाकणारी कोळंबी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. "पाण्यात सरळ असती की," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मला वाटायचं हिचा बांधाच वाकडा."

त्यांची नजर धंद्याची. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ओळखलं की सर्वांत मोठी मादी आहे आणि तिच्या पोटाखाली पिवळसर अंड्यांचा घोस आहे. ही गोष्ट त्यांनी मल्हारीला सांगितली, त्यानं "बरं" म्हटलं. भाग्यश्रीला सांगायला ती घरात नव्हती. मग त्यांनी गॅलरीत उभं राहून पेठला बहिणीला, भागीबाईला फोन लावला. चिमणाबाईंना फोनमध्ये बोलताना पेठपर्यंतचं अंतर आपल्या आवाजानंच कापायचं असतं असं वाटतं.

"भागे, घरात गोड बातमी हाय. अगं, पोटुशी हाय ती. पोट नुसतं गच्च भरलंय. लाजून सारखी आडोशाला जाऊन बसती... मल्हारीला सांगितलं, पण त्याला काय त्याचं नाय. बरं म्हणाला नुसता... आता महिनाभरात होईल मोकळी. किती व्हतील? ईस तरी व्हतील."

हा शेवटचा आकडा गाडीच्या हॉर्नमध्ये बुडाला असावा. बाकीचं सगळं तिन्ही मजल्यांनी ऐकलं.

संध्याकाळी भाग्यश्री दवाखान्यातून आली तेव्हा तळमजल्यावरच्या रंगूबाईंनी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि आवळ्याच्या लोणच्याची वाटी दिली. "आता जिना सावकाश चढायचा," त्या म्हणाल्या. वॉचमननं मल्हारीला सलाम ठोकून पेढे मागितले. दिशा खालून रडत आली, कारण इमारतीतल्या मैत्रिणीनं तिला विचारलं होतं की तुझी दहावी आणि बाळाचं बारसं एकदमच येणार का. भाग्यश्रीनं लोणच्याची वाटी टीपॉयवर ठेवली आणि सासूकडं बघितलं.

"आई, तुम्ही कुणाला काय सांगितलंत?"

"भागीला सांगितलं. खरं तेच सांगितलं."

"माझ्याबद्दल?"

"तुझ्याबद्दल कशाला? हिच्याबद्दल," असं म्हणून चिमणाबाईंनी टाकीकडं बोट दाखवलं.

खुलासा करत मल्हारी त्या संध्याकाळी सगळे मजले फिरला. पण पेठला कुणी खुलासा केला नाही. त्यामुळं दोन दिवसांनी भागीबाई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन उतरली. तिला टाकीपुढं बसवलं, सगळं समजावून सांगितलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं डब्याकडं बघून विचारलं, "यांना लाडू चालत्यात का?"

काय चालतं ते विचारायला चिमणाबाई भद्रकालीत जमीलभाईंच्या ॲक्वेरियमच्या दुकानात गेल्या. मल्हारीच्या मोबाइलमधला फोटो दाखवला. जमीलभाईंनी चष्मा कपाळावर घेऊन तो बघितला. "मावशी, ये चेरी श्रिम्प. बहोत नाजूक जान आहे. नळाचं ताजं पाणी टाकायचं नाही, एक दिवस उघडं ठेवायचं, मग टाकायचं. घरात मच्छरची कॉइल लावायची नाही. आणि तांबं पाण्याजवळ आणायचं नाही. तांबं म्हणजे यांना जहर."

"खायला?"

"पालक, दोडका. थोडा उकडून. बाकी शेवाळ खातात ते."

"मासळी नाय खात?"

"नाही मावशी."

चिमणाबाईंना याचं फार नवल वाटलं. जमीलभाईंनी आणखी एक सांगितलं, की पिल्लं बारीक असतात, पाणी साफ करणारी मोटर त्यांना ओढून घेते. तिला लावायचा स्पंज संपलाय, पुढच्या आठवड्यात या.

"त्याला दुकान नाय लागत," चिमणाबाई म्हणाल्या. "भोयाची पोर हाय मी." घरी येऊन त्यांनी मोटरच्या तोंडाला जुन्या मलमलीचा फडका असा आवळून बांधला, की मल्हारीला त्यात काढायला एक खोट सापडेना.

पिल्लं झाली ती संक्रांतीच्या आसपास. पापणीच्या केसाएवढी, आरपार दिसणारी, पण हुबेहूब आईसारखी. चिमणाबाईंनी ती मोजायचा प्रयत्न केला. सतरा झाली की पहिलं जागेवरून हलायचं. त्यांनी टाकीवर लिंबू-मिरची बांधली. एकदा त्यांना वाळूवर एक पांढरी पोकळ कोळंबी पडलेली दिसली आणि त्या दिवसभर जेवल्या नाहीत. संध्याकाळी मोजलं तर मोठ्या साती जणी जागेवर. ती कात होती. दुसऱ्या दिवशी जिची कात तिनंच ती खाऊन टाकली. "कपडा फाटला तर टाकून द्यायचा नाय," चिमणाबाई भाग्यश्रीला म्हणाल्या. "बघ, शिक."

एव्हाना इमारतीत बातमी पसरली होती की दुसऱ्या मजल्यावर झिंग्यांची पैदास चालू आहे. एका दुपारी गायधनीकाका सोसायटीच्या नियमांची पुस्तिका काखेत मारून दारात उभे राहिले.

"चिमणाबाई, पत्र लिहिणार होतो. म्हटलं आधी स्वतः पाहावं."

"या की. वास येतोय का?"

काकांनी दोनदा श्वास घेतला. वास येत नव्हता. ते आत आले, पण चपलांजवळच उभे राहिले. चिमणाबाईंनी उकडलेल्या पालकाचं पान पाण्यात सोडलं. थोड्या वेळानं शेवाळातून, किल्ल्यातून, दगडांखालून लहानथोर मंडळी निघाली आणि पानाभोवती पंगत बसली. काका एक पाऊल पुढं आले.

"हे काय खातायत?"

"पालक. काल दोडका व्हता. कारलं दिलं तर तोंड लावलं नाय."

"आणि मांसमच्छी?"

"नाय खात. दुकानवाल्यानं सांगितलंय."

काकांनी पुस्तिका काखेतून हातात घेतली आणि पुन्हा काखेत घातली. "म्हणजे हे शाकाहारी आहेत," ते म्हणाले.

"तुमच्यासारखेच. कांदालसूण मी इचारून सांगते."

काका हसले नाहीत. ते खाली वाकले, मग उकिडवे बसले. काकू सहा महिन्यांपासून बेंगळुरूला मुलीकडं होत्या, आणि दुपारी चार ते सहा हा वेळ त्यांना खायला उठायचा. त्या दिवशी सहा कसे वाजले ते त्यांना समजलं नाही. पत्र लिहिलं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी चारला ते आपला पाट घेऊनच आले.

मग तो रिवाजच पडला. चिमणाबाई पंचवटीहून आल्या की काका खाली उतरायचे. त्या माहिती द्यायच्या, काका तिला शुद्ध भाषेत बसवायचे. "ही भरलेली हाय," असं त्या म्हणाल्या की काका आलेल्यागेलेल्याला सांगायचे, "ही गर्भवती आहे." होळीपर्यंत पहिली पिल्लं वयात आली, त्यांना पिल्लं झाली, आणि साताची शंभरी कधी ओलांडली ते मोजायचं सर्वांनी सोडून दिलं.

घात झाला तो अक्षय्य तृतीयेला. हरसूलचा बाजार त्याच दिवशी आला आणि चिमणाबाई सकाळीच गेल्या. उन्हाळा कडक, टाकीतलं पाणी चार बोटं खाली गेलेलं. काकांच्या मनात आलं, आज उदकदानाचा दिवस, या जिवांना दान द्यावं. त्यांनी तीन दिवस आधी रामकुंडावरून पाणी आणून ठेवलं होतं. ठेवलं होतं घागरीत, घागर तांब्याची, आणि सणासाठी चिंचेनं घासून लख्ख केलेली. ती खांद्यावर घेऊन ते दारात आले. काकांना तांब्याचं कुणी सांगितलं नव्हतं, भाग्यश्रीला माहीत होतं. पण तिच्या समजुतीप्रमाणं तांब्याची वस्तू पाण्यात टाकायची नव्हती. काका तर वस्तू परत नेणार होते. तिनं हात जोडले. काकांनी मंत्र म्हणत सगळी घागर टाकीत ओतली.

चिमणाबाई चारच्या सुमारास परतल्या. टोपली उतरवायच्या आधी त्यांची नजर टाकीवर गेली. कोळंबी एका जागी ठरत नव्हती. भिंतीला धडका देत वर जात होती, उलटी होऊन खाली येत होती. तळाशी बऱ्याच जणी आडव्या पडल्या होत्या.

"पाण्यात काय टाकलं?"

पाटावर बसलेले काका म्हणाले, "तीर्थ. रामकुंडाचं. पुण्याचं म्हणून..."

"कशात व्हतं?"

काकांनी सांगितलं. चिमणाबाईंनी पदर खोचला, रबरी नळी टाकीत सोडली, दुसरं टोक तोंडानं ओढून बादलीत टाकलं आणि पाणी काढायला लागल्या. "आता भरायला शिळं पाणी लागंल," त्या म्हणाल्या. "कालचं, परवाचं. ताजं घातलं तर उरलेल्या बी जातील. माझ्याकडं दोनच बादल्या हायेत."

गायधनीकाका उठले. ज्या घरात रोज सकाळी कालचं पाणी ओतून देऊन, भांडी घासून ताजं भरल्याशिवाय चहाचं आधण ठेवत नाहीत, त्या घरातला हा माणूस. त्यांनी धोतराचा सोगा कमरेला खोचला आणि प्रत्येक दारावर जाऊन बेल वाजवली.

"शिळं पाणी आहे का?"

तळमजल्यावर रंगूबाईंनी दार उघडलं. "नाही हो काका, आम्ही शिळं कधीच ठेवत नाही. तुम्हाला ताजं देते ना, बसा."

"ताजं नको. शिळंच द्या."

"आमच्याकडे खरंच ताजं असतं."

"रंगूबाई, मी तपासणीला आलेलो नाही. तुमच्याकडे शिळं असेल तर मी उपकार मानीन."

रंगूबाईंनी इकडंतिकडं बघितलं आणि हळूच सांगितलं की मोरीत एक पिंप आहे, परवाचं आहे, पण कुणाला सांगू नका. पुढं असंच होत गेलं. आधी कुणाच्याही घरात शिळं पाणी नव्हतं; काकांनी दुसऱ्यांदा विचारलं की ते निघायचं. कुणाचं ड्रममध्ये, कुणाचं कूलरमध्ये, कुणाचं पलंगाखालच्या बाटल्यांत. एकीनं पितळी कळशी पुढं केली तर काका दोन पावलं मागं सरले. "प्लास्टिक. फक्त प्लास्टिक." अर्ध्या तासात दुसऱ्या मजल्यावर रंगीबेरंगी बादल्यांची रांग लागली आणि सत्तरी ओलांडलेले काका त्यातली एकेक उचलून आत देत होते. भाग्यश्रीनं दोनदा धरू पाहिली, त्यांनी सोडली नाही.

तीन वेळा पाणी बदललं. दिवेलागणीच्या सुमाराला टाकी शांत झाली. वाचल्या त्या तीस-बत्तीस. बाकीच्या चिमणाबाईंनी चहाच्या गाळणीनं काढल्या आणि गॅलरीतल्या तुळशीशेजारच्या कुंडीत पुरल्या. काका जिन्यापर्यंत गेले, परत आले आणि तसेच वर गेले.

त्यानंतर आठ दिवस ते आले नाहीत. पाट हॉलमध्येच राहिला होता. तो न्यायलाही आले नाहीत. भाग्यश्री म्हणाली, "आई, मीच त्यांना आत घेतलं. त्यांना एकट्याला वाईट वाटत असेल." चिमणाबाई म्हणाल्या, "मग तू जाऊन सांग." पण नवव्या दिवशी त्या स्वतःच उठल्या. लोणच्याची एक मोठी काचेची बरणी तीन वेळा धुतली, तिच्यात टाकीतलं पाणी, शेवाळाची एक बट आणि सहा कोळंब्या घातल्या आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिसऱ्या मजल्याचा जिना चढल्या.

काकांनी दार उघडलं, बरणी बघितली आणि हात मागं घेतले. "नको, चिमणाबाई. माझ्या हातून सत्तर जीव गेले."

"माझ्या हातून किती गेले ते इचारू नका काका," चिमणाबाई म्हणाल्या. "पोत्यानं मोजावं लागंल."

काकांचा चेहरा आधी कसनुसा झाला, मग त्यांना हसू फुटलं, आणि मग ते दाराला धरून इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. चिमणाबाईंनी बरणी त्यांच्या हातात दिली. "चार बाया, दोन गडी. एकीच्या पोटात अंडी हायेत. आता चुकायचं तर आपल्या घरात चुका."

काका दुसऱ्या दिवशी जमीलभाईंकडं जाऊन टाकी घेऊन आले. ती देवघराशेजारी बसवली आणि घरातलं सगळं तांबं बांधून माळ्यावर टाकलं. संध्येची पळी, पंचपात्र, ताम्हन, घागर, काही शिल्लक ठेवलं नाही. हल्ली ते पूजेला स्टीलचा तांब्या घेतात. बेंगळुरूहून काकू आल्या तेव्हा देवघरात स्टील आणि शेजारी झिंगे बघून त्यांनी नवऱ्याला ताप आहे का ते हात लावून पाहिलं. पुढं त्याच रोज पालक उकडायला लागल्या.

चिमणाबाईंचा धंदा चालूच आहे. मधे एकदा भाग्यश्रीनं भीत भीत विचारलं, "आई, आता जवळा विकताना तुम्हाला काही वाटत नाही?"

चिमणाबाईंनी थोडा विचार केला. "वाटतं," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाइकानं नुसतं खालीवर करून तसाच टाकून दिला की वाटतं. घेणाऱ्यानं तरी नीट खावा."

आषाढातली एक सकाळ. पाऊस उघडलेला, चिमणाबाई टोपली बांधून हरसूलच्या गाडीला निघाल्या होत्या. जिन्यावरून गायधनीकाका सोवळ्यातच खाली आले, पायात काही नाही, कपाळावरचं गंध अर्धं लावलेलं.

"चिमणाबाई, झाली."

"किती?"

"मोजता येईनात. तुम्ही वर चला."

त्यांनी टोपली दारात ठेवायला घेतली तर काका म्हणाले, "असू दे, घेऊन या, बाहेर कोण सांभाळणार." वर काकूंनी उठून खिडकी उघडली. टोपली देवघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवून चिमणाबाई टाकीपुढं बसल्या. शेवाळात पापणीच्या केसांएवढे जीव इकडून तिकडं उडत होते. काकूंनी चहा आणला. चिमणाबाई बोट काचेवर धरून मोजत होत्या, काका कागदावर रेघा मारत होते. सतरापर्यंत आलं की कुणीतरी हलायचं आणि पुन्हा एकपासून सुरू करायला लागायचं. हरसूलची गाडी त्या दिवशी त्यांच्याविनाच गेली.